निळा पडदा आणि चौसष्ट बिटांचे यंत्र

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कनिष्ठ महाविद्यालयांत ज्यांनी द्विलक्ष्यी अभ्यासक्रमातील संगणकशास्त्र हा विषय घेतला, मग ते मालवणचे असोत, कुडाळचे असोत की सावंतवाडीचे, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या स्मरणात एक निळा पडदा कायमचा वास करून आहे. त्याच्या माथ्यावर राखाडी रंगाची मेनूची पट्टी, खाली कोणकोणती कळ कशासाठी दाबावी याची सूचना, आणि मधल्या निळ्या विस्तारात पिवळ्या अक्षरांनी उमटत जाणारा आपला पहिला प्रोग्राम, हे दृश्य कोकणातल्या दोन पिढ्यांनी प्रयोगशाळेच्या अर्ध्या प्रकाशात पाहिलेले आहे. हा पडदा म्हणजे बोरलँड या अमेरिकन कंपनीचा टर्बो सी++. आणि आज नव्या लॅपटॉपवर तोच टर्बो टाकावयास गेलेला विद्यार्थी दुसऱ्या दिवशी शिक्षकांसमोर उभा राहून जी कैफियत मांडतो, ती मालवणीत एका वाक्याची असते: “सर, टर्बो उघडणा नाय.” तो का उघडत नाही, उघडावयाचा झाल्यास कोणती तजवीज करावी लागते, आणि मुळात तो उघडावा की नाही, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे. प्रोग्राम लिहिण्याचे शास्त्र आपण मुलांना शिकवतो, परंतु ज्या साधनाने तो प्रोग्राम जिवंत होतो त्याची यंत्रावर स्थापना करणे हे दुकानदाराचे किंवा प्रयोगशाळा-साहाय्यकाचे काम मानून मोकळे होतो. वस्तुतः यंत्राच्या अंतरंगाचा पहिला पाठ त्या स्थापनेतच दडलेला असतो, असे माझे निश्चित मत आहे.

टर्बोची थोरवी प्रथम मान्य केली पाहिजे. १९८३ साली अँडर्स हेल्सबर्ग या डॅनिश तरुणाने रचलेला टर्बो पास्कल बोरलँडने सुमारे पन्नास डॉलरांस विक्रीस काढला, तेव्हा कंपायलर ही शेकडो डॉलर मोजून घेण्याची वस्तू होती. एका साधनात मजकूर लिहावयाचा, फ्लॉपी बदलून दुसऱ्यात त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करावयाचे, पुन्हा तिसऱ्यात त्याची जुळणी करावयाची, आणि एखादा अर्धविराम राहिल्याचे कळताच हा सारा प्रवास आरंभापासून करावयाचा, अशी त्या काळची रीत होती. हेल्सबर्गने लेखन, भाषांतर आणि दोषदर्शन ही तिन्ही कामे एका छपराखाली आणली. पुढे १९८७ मध्ये टर्बो सी, १९९० मध्ये टर्बो सी++ आणि त्यानंतर अल्पावधीत त्याची ३.० ही आवृत्ती आली. हीच आवृत्ती हिंदुस्थानातल्या शिक्षणसंस्थांत असा काही मुक्काम ठोकून बसली की तिचे नाव आणि भाषेचे नाव यांतला भेदच पुष्कळांना उरला नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकरांची ‘लेट अस सी’सारखी पुस्तके आणि टर्बोचा निळा पडदा यांच्या संगतीने अनेकांची विद्या सुरू झाली. शिवाय हे साधन टाकण्यास काही विधी लागत नसे. ‘टीसी’ नावाचा फोल्डर एका यंत्रावरून दुसऱ्यावर उतरवून घेतला की काम झाले. प्रथम फ्लॉप्यांच्या जुडग्यातून, मग सीडीवरून, मग पेन ड्राइव्हवरून हा फोल्डर गावोगाव फिरला आणि ज्या संस्थेच्या दारी नवे सॉफ्टवेअर विकत घेण्यास पैसा नव्हता तिचीही प्रयोगशाळा त्याने चालती ठेवली.

आता तो उघडत का नाही ते पाहू. १९७८ साली इंटेलने काढलेला ८०८६ हा प्रोसेसर सोळा बिटांचा होता आणि त्याला दहा लक्ष अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर बाइटांच्या, म्हणजे एक मेगाबाइटच्या, पलीकडची स्मृती दिसतच नसे. डॉस ही कार्यप्रणाली या मर्यादेत वाढली आणि टर्बो डॉसच्या अंगणात जन्मला. १९८५ मध्ये आलेल्या ८०३८६ या बत्तीस बिटांच्या प्रोसेसरात इंटेलने एक दूरदृष्टीची सोय ठेवली होती. तिला ‘आभासी ८०८६ अवस्था’ म्हणतात. या अवस्थेत नवा प्रोसेसर आपल्या एका कोपऱ्यात जुन्याचे सोंग घेतो आणि डॉसच्या प्रोग्रामला आपण जुन्याच यंत्रावर आहोत असे वाटू देतो. बत्तीस बिटांच्या विंडोजने याच सोयीचा आधार घेऊन डॉसच्या प्रोग्रामांना आश्रय दिला. परंतु २००३ साली एएमडीने चौसष्ट बिटांची रचना बाजारात आणली, आणि प्रोसेसर त्या चौसष्ट बिटांच्या अवस्थेत रुजू झाला की आभासी ८०८६ अवस्था त्याला उपलब्ध राहत नाही. चौसष्ट बिटांच्या विंडोजमधून म्हणूनच तो आश्रय बरखास्त झाला. विंडोज १० पर्यंत बत्तीस बिटांची आवृत्ती मिळत तरी असे, २०२१ मधील विंडोज ११ तर केवळ चौसष्ट बिटांतच निघाली. आपल्याकडे जमिनीचे जुने मोडी दप्तर असते, कागद शाबूत, शाई शाबूत, शिक्काही शाबूत, परंतु कचेरीत मोडी वाचणारा एकही कारकून उरलेला नसतो, तशी टर्बोची आज अवस्था आहे. फायलीत बिघाड नाही, व्हायरस नाही, पेन ड्राइव्हचा दोष नाही. वाचणारा गेला आहे. विद्यार्थ्याला हे एकदा समजले की तीच फाईल पुन्हा पुन्हा उतरवून घेण्याचा, किंवा दुकानात जाऊन विंडोजच नव्याने टाकून घेण्याचा व्यर्थ खटाटोप थांबतो.

यावर उपाय वाचणारा नेमण्याचा. डॉसबॉक्स हे त्याचे नाव. नेदरलँड्समधील पीटर फेन्स्ट्रा आणि श्यूर्ड व्हान डर बेर्ख यांनी ते मुख्यत्वे जुने खेळ चालावेत म्हणून रचले आणि २००२ पासून ते सर्वांना विनामूल्य खुले आहे. डॉसबॉक्स प्रोसेसरची जुनी सोय वापरत नाही. ते संपूर्ण जुने यंत्र, त्याचा प्रोसेसर, पडदा, कळफलक आणि घड्याळ यांसह, आज्ञावलीच्या रूपाने उभे करते आणि टर्बोची एकेक आज्ञा वाचून तिचा अर्थ नव्या यंत्राकडून वदवून घेते. त्याची मांडणी अवघड नाही, मात्र क्रम सांभाळावा लागतो. टर्बोचा फोल्डर सी ड्राइव्हच्या मुळाशी, लहान नावाने ठेवावा, कारण डॉसला आठ अक्षरांहून लांब नाव आणि तीन अक्षरांहून लांब प्रत्यय ओळखता येत नाही. डॉसबॉक्स उघडून ‘माउंट’ या आज्ञेने तो फोल्डर काल्पनिक सी ड्राइव्ह म्हणून नेमून द्यावा, कारण या आज्ञेवाचून डॉसबॉक्सला आपल्या खऱ्या डिस्कवरचे काहीही दिसत नाही, आणि हे त्याचे संयमन सुरक्षेच्या दृष्टीने इष्टच आहे. दर वेळी तेच टंकावयाचा कंटाळा असेल तर त्या आज्ञा डॉसबॉक्सच्या मांडणी-फाइलीत शेवटच्या ‘ऑटोएक्झेक’ या विभागात लिहून ठेवाव्यात.

टर्बो उघडल्यावर नव्वद टक्के तक्रारींचे मूळ ‘ऑप्शन्स’ मेनूतल्या ‘डिरेक्टरीज’ या खिडकीत सापडते, असे शिकवणाऱ्यांच्या अनुभवावरून म्हणावयास हरकत नाही. इन्क्लूड आणि लिब या दोन फोल्डरांचा पत्ता तिथे लिहिलेला असतो. फोल्डर मूळ जागेवरून हलला आणि पत्ता जुनाच राहिला, तर ‘एसटीडीआयओ डॉट एच’ ही फाईल उघडता येत नाही अशी पहिली ओरड होते, आणि पहिला पत्ता सुधारून दुसरा तसाच ठेवला, तर जुळणीच्या वेळी ‘सी-शून्य-एस’ या ऑब्जेक्ट फाइलीच्या नावाने दुसरी. या दोन दोषांतला फरक शिक्षकांनी अवश्य समजावून द्यावा. पहिला दोष भाषांतराच्या टप्प्यातला आहे, कारण हेडर फाइलीत केवळ ‘अमुक नावाचे कार्य अस्तित्वात आहे’ एवढा दाखला असतो. दुसरा जुळणीच्या टप्प्यातला आहे, कारण त्या कार्याची प्रत्यक्ष यंत्रभाषा लायब्ररीत असते. पाठ्यपुस्तकात कंपायलर आणि लिंकर यांच्या व्याख्या पाठ करून जे मनात ठसत नाही, ते या दोन चुका पाठोपाठ भोगल्याने ठसते.

डॉसबॉक्समध्ये एक अडचण अशी आहे की तिने पुष्कळांचे तास-तासाचे काम एका क्षणात नेले आहे. टर्बोत प्रोग्राम चालवण्याची कळ कंट्रोल आणि एफ ९ ही, आणि डॉसबॉक्समध्ये स्वतः डॉसबॉक्स तत्काळ बंद करण्याची कळही नेमकी तीच. वर्षानुवर्षांच्या सवयीने बोटे तिकडे वळतात आणि न साठवलेला प्रोग्राम खिडकीसकट अदृश्य होतो. कंट्रोल-एफ १ ने उघडणाऱ्या कळनकाशात ही नेमणूक बदलता येते, आणि तोवर ‘रन’ हा मेनू उघडून तिथूनच प्रोग्राम चालवावा. माउस डॉसबॉक्सच्या ताब्यात अडकला तर कंट्रोल-एफ १० ने त्याची सुटका होते. ‘विंडोज १० साठी टर्बो’ अशा नावाने जी तयार बांधणी मिळते, तिच्या पोटात हेच डॉसबॉक्स असते. तिने काम होते हे खरे, पण आत काय आहे हे झाकले जाते, म्हणून विद्यार्थ्याने एकदा तरी ही मांडणी स्वहस्ते करावी.

जुन्या साधनाला नवे यंत्र केवळ अपरिचित असते असे नव्हे, कधी ते अतिवेगवानही ठरते. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कितीतरी प्रोग्राम १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आरंभालाच ‘रनटाइम एरर २००’ म्हणून कोसळू लागले. भागाकारात शून्याने भागले गेले असा त्या आकड्याचा अर्थ. प्रोग्रामात शून्य तर कुठेच नव्हते. शोधाअंती असे दिसले की पडद्याची कामे पाहणारा ‘सीआरटी’ हा घटक सुरुवातीस यंत्राचा वेग मोजून घेतो, म्हणजे घड्याळाच्या सुमारे पंचावन्न मिलिसेकंदांच्या एका ठोक्यात आपण किती फेऱ्या मारू शकतो ते मोजतो आणि त्या संख्येला पंचावन्नने भागतो. सुमारे दोनशे मेगाहर्ट्झच्या पुढच्या प्रोसेसरांवर फेऱ्यांची संख्या इतकी फुगली की भागाकाराचे उत्तर सोळा बिटांत, म्हणजे ६५,५३५ च्या आत, मावेना. प्रोसेसरने तो भागाकार नाकारला आणि प्रोग्रामने त्या नकाराचा अर्थ शून्याने भागणे असा घेतला. लिहिणाऱ्यांनी आपल्या काळातल्या यंत्राहून शेकडो पट वेगवान यंत्र कल्पनेतही आणले नव्हते, यात त्यांचा काय दोष? डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ ११ ने वेग उतरवला की असे प्रोग्राम पुन्हा सुरळीत चालतात.

एवढे सारे करून टर्बो उघडला, तरी त्यावरच सी++ शिकावे का? माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. सी++ या भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण १९९८ साली झाले आणि टर्बो सी++ ३.० त्याच्या कितीतरी आधीचा. त्यामुळे ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ हे हेडर, ‘व्हॉइड मेन’ने होणारा आरंभ, आणि प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर पडदा पुसणारी व शेवटी कळ दाबण्याची वाट पाहणारी ती ‘कोनिओ’ घराण्यातली कार्ये, हे सारे विद्यार्थी भाषेचे नियम म्हणून शिकतो आणि पुणे-मुंबईस पदवीसाठी गेल्यावर पहिल्याच दिवशी त्याचा प्रत्येक प्रोग्राम नव्या कंपायलरकडून परत येतो. अंकांचाही प्रश्न आहे. टर्बोत ‘इंट’ सोळा बिटांचा, म्हणून त्यात ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नाही. जर्नलमध्ये सर्वत्र आढळणारा फॅक्टोरियलचा प्रोग्राम घ्या. सातचा फॅक्टोरियल ५,०४० बरोबर येतो, आठचा ४०,३२० यावयाचा तो टर्बोत उणे २५,२१६ असा येतो, आणि कंपायलर याबद्दल एक शब्द बोलत नाही. तोच प्रोग्राम आजच्या कंपायलरवर आठला, नऊला, बारालाही बिनचूक उत्तर देतो, परंतु तेरावर त्याचेही पाऊल घसरते: ६,२२,७०,२०,८०० ऐवजी १,९३,२०,५३,५०४ असे दिसते, कारण बत्तीस बिटांचीही मर्यादा संपते. दोन्ही कंपायलर एकाच यंत्रावर शेजारी-शेजारी ठेवून हा प्रयोग वर्गात करून दाखवावा. टर्बोचा याहून चांगला उपयोग मला आज दिसत नाही.

नव्या कंपायलरांत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये मुक्त केलेला जीसीसी हा सर्वांत रुळलेला. लिनक्सवर तो बसवणे म्हणजे केवळ एक आज्ञा: उबुंटूत ‘बिल्ड-इसेन्शियल’ हा गठ्ठा मागवला की कंपायलर, जुळणीकार आणि लायब्ररी तिन्ही येतात. विंडोजवर मात्र मिंगडब्ल्यू ही त्याची विंडोजसाठीची बांधणी घ्यावी लागते, किंवा कोड-ब्लॉक्स या संपादकाची अशी प्रत घ्यावी लागते की जिच्या नावातच मिंगडब्ल्यू आहे. तो शब्द नसलेल्या प्रतीत कंपायलर नसतो, आणि ती उतरवून घेणाऱ्याला लिहिण्याची उत्तम वही मिळते, भाषांतरकार मिळत नाही. स्वतंत्र मिंगडब्ल्यू टाकल्यावर ‘जीसीसी’ असे टंकताच विंडोज ‘ही आज्ञा मला ओळखीची नाही’ असे सांगते, आणि विद्यार्थी स्थापना फसली असे समजतो. फसलेले काही नसते. विंडोज केवळ ‘पाथ’ या यादीत मुक्रर केलेल्या फोल्डरांतच आज्ञा शोधते. त्या यादीत मिंगडब्ल्यूच्या ‘बिन’ फोल्डरचा पत्ता जोडावा, आणि आधीच उघडलेली आज्ञाखिडकी बंद करून नवी उघडावी, कारण जुन्या खिडकीजवळ यादीची जुनीच प्रत असते. प्रोग्राम आधीच चालू असताना तो पुन्हा जुळवू गेल्यास ‘परवानगी नाही’ असे लिंकर म्हणतो, तेव्हा मागे राहिलेली ती काळी खिडकी शोधून बंद करावी. अँटिव्हायरस नुकत्याच जन्मलेल्या प्रोग्रामला कधी कधी संशयित ठरवून कोठडीत टाकतो, तेही लक्षात असू द्यावे.

इथे एक तत्त्व हाती लागते आणि ते मला या साऱ्या विषयाचे मर्म वाटते. जुना कंपायलर हा यंत्रभाषेत गोठलेला असतो, म्हणून यंत्र बदलले की तो मुका होतो. परंतु माणसाने लिहिलेला मूळ प्रोग्राम हा मजकूर असतो, आणि मजकूर नव्या कंपायलरला पुन्हा वाचता येतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे यंत्र आले तेव्हा शास्त्रज्ञ फोरट्रान भाषेतले प्रोग्राम छिद्रांच्या कार्डांवर उतरवीत. कार्डात ऐंशी स्तंभ असूनही फोरट्रानची आज्ञा सातव्या स्तंभापासून बहात्तराव्यापर्यंतच लिहावयाची, कारण आयबीएम ७०४ या मूळ यंत्राचा कार्डवाचक बहात्तरच स्तंभ वाची. ते कार्डवाचक कधीच भंगारात गेले. आणि तरीही त्या पद्धतीने लिहिलेला जुना प्रोग्राम आज जीसीसीच्याच कुटुंबातल्या जीफोरट्रानपुढे ठेवला, आणि ‘जुने प्रमाण मान्य’ अशी मुभा देणारा पर्याय जोडला, तर तो बहुधा किरकोळ दुरुस्तीने चालतो. टर्बो पास्कलच्या मजकुरासाठी फ्री पास्कलमध्ये अशीच सोय आहे. टर्बोच्या चित्रकार्यांसाठी, म्हणजे ‘ग्राफिक्स डॉट एच’साठी, विनबीजीआय नावाची पर्यायी लायब्ररी आहे. ज्या संस्थांनी मूळ मजकूर जपला त्यांचे काम नव्या यंत्रावर आले, ज्यांनी केवळ चालणारी ईएक्सई फाईल जपली त्यांना डॉसबॉक्सवाचून गत्यंतर नाही.

वयामुळे सारेच बंद पडते असे मात्र नाही. १९९८ चे व्हिज्युअल बेसिक ६ पाहा. मायक्रोसॉफ्टने त्याच्या लेखनसाधनाचा पाठिंबा २००८ मध्ये संपवला, तरी ते बत्तीस बिटांचे असल्याने आजच्या विंडोजमध्येही बसते, आणि त्यात बनवलेले प्रोग्राम चालावेत म्हणून लागणारी मूळ लायब्ररी विंडोज स्वतःच बाळगते. अडथळा येतो तो त्याच्या स्थापना-विधीत, कारण तो मायक्रोसॉफ्टच्या आता अस्तंगत झालेल्या जावाचा आग्रह धरतो. विंडोजच्या फोल्डरात ‘एमएसजावा’ या नावाची रिकामी डीएलएल फाईल आधी ठेवली की ती अट पूर्ण झाली असे त्याला वाटते. पुढे घटक निवडताना ‘डेटा ॲक्सेस’ची खूण काढून टाकावी, नाहीतर विधी शेवटच्या टप्प्यावर गोठतो.

मालकीचा प्रश्नही टाळता येण्यासारखा नाही. बोरलँडने आपल्या संग्रहातून टर्बो सी २.०१ आणि टर्बो सी++ १.०१ या आवृत्त्या पुढे विनामूल्य खुल्या केल्या होत्या. गावोगाव फिरलेली ३.० त्यांत नव्हती. शिक्षणसंस्थेने परवान्याचा विचार न करता अशी प्रत वाटणे हे मला योग्य वाटत नाही, विशेषतः जीसीसीसारखे साधन कायद्याने आणि मनापासून वाटून घेण्यासाठीच रचलेले असताना.

या किनाऱ्यावर या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. शहरातला सल्लागार म्हणेल की कंपायलर यंत्रावर टाकण्याची दगदगच नको, संकेतस्थळावरचा वापरावा. तो सल्ला मालवण, देवगड, वेंगुर्ले या भागांत जूनपासून सप्टेंबरपर्यंत किती टिकतो हे इथल्या प्रत्येक घरास ठाऊक आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने विजेचे खांब आडवे केले तेव्हा प्रकाश आणि संपर्क दोन्ही एकदम गेले. वादळ नसतानाही डोंगरकुशीतल्या वाड्यांवर नेटवर्क एका उंबऱ्याशी असते आणि माजघरात नसते. म्हणून इथे कंपायलर यंत्राच्या पोटातच असला पाहिजे, आणि तो तिथे बसवण्याची विद्या विद्यार्थ्याच्या हातात असली पाहिजे. ज्याच्या घरी लॅपटॉप नाही पण अँड्रॉइड फोन आहे, त्याने टर्मक्स हे ॲप घेऊन त्यात क्लँग हा कंपायलर बसवावा. एकदा बसला की त्याला जाळ्याची गरज नाही, आणि फोनच्या लहान पडद्यावरही फॅक्टोरियल तितकाच खरा निघतो. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने सी आणि सी++ चे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध केले आहेत. ते जीसीसीवरच शिकवतात, आणि उतरवून ठेवून जाळ्याविना पाहता येतात.

प्रत्येक प्रयोगशाळेने पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यातच, एक बाह्य डिस्क तयार करावी अशी माझी आग्रहाची सूचना आहे. तिच्यात उबुंटूची संपूर्ण प्रतिमा, ‘बिल्ड-इसेन्शियल’ हा गठ्ठा जाळ्याविना बसवता येईल अशा स्वरूपात, कोड-ब्लॉक्सची मिंगडब्ल्यूसहित प्रत, डॉसबॉक्स, फ्री पास्कल आणि ते मराठी पाठ असावेत. खाऱ्या दमट हवेत डिस्क आणि पेन ड्राइव्ह दोन्ही लवकर दगा देतात, आणि अर्धवट उतरलेली फाईल वरवर पूर्ण दिसते. यासाठी प्रत्येक फाइलीबरोबर प्रकाशकाने जाहीर केलेला शा-२५६ हा चौसष्ट चिन्हांचा पडताळा-अंक एका साध्या मजकूर-फाइलीत नोंदवून ठेवावा. विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल’ आणि लिनक्समध्ये ‘शा-२५६-सम’ या आज्ञा तो अंक पुन्हा काढून देतात. दोन्ही अंक अक्षरशः जुळले तरच ती प्रत विद्यार्थ्यांच्या यंत्रावर टाकावी, एका चिन्हाचाही फरक पडला तर ती पुसून नव्याने उतरवावी.